पू न होणारा न्यूमोनिया

संधिवातासाठी वर्षभर स्टिरॉईडच्या गोळ्या घेणाऱ्या एक बाई आमच्या वॉर्डात चार दिवस होत्या. ताप बेताचा, खोकला कोरडा, बेडका नाहीच. स्टेथोस्कोप लावला तर छाती स्वच्छ. एक्स-रेच्या रिपोर्टात 'विशेष काही नाही'. ऑक्सिमीटर ९६ दाखवायचा. घरी सोडायचं ठरलं होतं, कागदही तयार होते. पण 'जिना चढताना जरा दम लागतो' असं त्या जाता जाता म्हणाल्या. एका ज्युनिअर डॉक्टरने ते मनावर घेतलं आणि ऑक्सिमीटर बोटाला तसाच ठेवून त्यांना व्हरांड्यात चालवलं. दुसऱ्या फेरीला बाईंनी भिंतीला हात टेकला. आकडा ८५ वर आला होता. सीटी काढला तेव्हा दोन्ही फुप्फुसांत दुधी काचेसारखा पडदा पसरलेला दिसला, आणि फुप्फुस धुऊन काढलेल्या पाण्यात न्यूमोसिस्टिस जिरोवेसी ही बुरशी सापडली.

तो ज्युनिअर डॉक्टर आज या पुस्तकाच्या दोन लेखकांपैकी एक आहे. दुसरी लेखिका माझ्याच प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्र शिकली. प्रस्तावना मी लिहावी हा दोघांचा हट्ट, आणि निवृत्त मास्तराला असा हट्ट नाकारता येत नाही.

ती हकिगत मी वर्गात पुष्कळदा सांगितली आहे. एवढा मोठा न्यूमोनिया एक्स-रेला दिसला कसा नाही, हा प्रश्न दरवेळी येतो. पू, बेडका, एक्स-रेवरचा घट्ट पांढरा डाग यांचं श्रेय आपण जंतूला देतो. खरं तर तो आपल्याच पांढऱ्या पेशींनी जंतूशी केलेल्या झटापटीचा राडारोडा असतो. झटापट करणाराच नसेल तर राडाही होत नाही. क्षयरोगाच्या रुग्णाच्या फुप्फुसात पोकळी पडते तीसुद्धा शरीराने दिलेल्या झुंजीमुळे. एचआयव्ही फार पुढे गेलेल्या माणसाला तोच क्षयरोग झाला तर पोकळी पडत नाही, बेडक्यात जंतू दिसत नाहीत, कधी कधी एक्स-रेही साफ असतो, आणि माणूस मात्र मरणपंथाला लागलेला असतो. रक्ताच्या कर्करोगात न्यूट्रोफिल पेशी जवळजवळ शून्यावर गेलेल्या रुग्णांना न्यूमोनिया झाला तरी पूमिश्रित बेडका क्वचितच पडतो, हे सिकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ सालीच मोजून दाखवलं होतं. आम्ही विद्यार्थी असताना जो न्यूमोनिया शिकलो तो धडधाकट माणसाचा होता. या पुस्तकातला न्यूमोनिया दुसरा आहे. त्याची लक्षणं शोधायची तर पूच्या जागी दुसरं काय पाहायचं, हे ठरवावं लागतं. या शाखेचा सगळा इतिहास त्या 'दुसऱ्या काय'च्या शोधाचा आहे.

त्या इतिहासात न्यूमोसिस्टिसइतकी सुरस कथा दुसरी नाही. १९०९ साली ब्राझीलमध्ये कार्लोस शागास यांना हा जीव प्राण्यांच्या फुप्फुसात दिसला, पण ते त्या वेळी ट्रिपॅनोसोमा या परजीवीच्या मागावर होते, त्यामुळे त्यांनी त्याला त्याच परजीवीची एक अवस्था मानलं. पुढच्याच वर्षी साओ पाउलोत आंतोनियो कारिनी यांना तो उंदरांत दिसला आणि त्यांचीही तशीच फसगत झाली. १९१२ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या देलानोए दांपत्याने हा स्वतंत्र जीव असल्याचं दाखवून त्याला कारिनींचं नाव दिलं. त्यानंतर तीसेक वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातल्या अनाथालयांत अपुऱ्या दिवसांची, कुपोषित बाळं एका चमत्कारिक न्यूमोनियाने दगावू लागली. त्यांच्या फुप्फुसात हाच जीव असल्याचं १९५२ साली चेकोस्लोव्हाकियात व्हानेक आणि यिरोवेत्स यांनी दाखवून दिलं. माणसातल्या जातीला आज जिरोवेसी म्हणतात ते या यिरोवेत्स यांच्यावरून. तो परजीवी नसून बुरशी आहे हे कळायला तर १९८८ साल उजाडलं. त्याच्या आरएनएनेच अखेर त्याचं कूळ सांगितलं. आजही प्रयोगशाळेच्या रोजच्या कामात त्याची वाढ करून दाखवता येत नाही. ज्याचं कल्चर होत नाही असा जंतू काचपट्टीवर रंगवूनच पाहावा लागतो. चांदीच्या रंगात त्याच्या काळ्या, दबलेल्या पिंगपाँगच्या चेंडूसारख्या पुटी पहिल्यांदा दिसल्या त्या दिवशी मी जेवायला गेलो नव्हतो.

हा जीव जगाला माहीत झाला तो १९८१ मध्ये, आणि तोही औषधाच्या वहीतून. पेंटामिडीन हे त्यावरचं औषध तेव्हा अमेरिकेत केवळ अटलांटाच्या रोगनियंत्रण केंद्रातून मिळत असे. तिथे औषधं पाठवण्याचं काम करणाऱ्या सँड्रा फोर्ड यांच्या लक्षात आलं, की ना कर्करोग ना प्रत्यारोपण अशा तरुणांसाठी डॉक्टर पेंटामिडीन मागवत आहेत, आणि कारण कुणीच देत नाही. त्यांनी ते वरिष्ठांना कळवलं. ५ जून १९८१ रोजी केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांची नोंद छापली गेली. वैद्यकीय नियतकालिकातला एड्सचा तो पहिला उल्लेख. एका फुप्फुसाच्या संसर्गाचं नेमकं निदान झालं म्हणून एक नवा रोग सापडला. 'न्यूमोनिया दिसतोय, अँटिबायोटिक द्या' असं म्हणून ती पाच माणसं वाटेला लावली असती, तर हा शोध आणखी किती लांबला असता?

योगायोग असा, की त्याच वर्षी बॉस्टनच्या रॉबर्ट रुबिन आणि सहकाऱ्यांनी मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतरच्या संसर्गांचं वेळापत्रक मांडलं. पहिल्या महिन्यात शस्त्रक्रियेचे आणि रुग्णालयातलेच जंतू, एक ते सहा महिन्यांत सायटोमेगॅलोव्हायरस, न्यूमोसिस्टिस यांसारखे संधिसाधू, पुढे समाजात सगळ्यांना होतात ते. तारखेवरून जंतूचा अंदाज बांधण्याची ही रीत आता औषधं बदलल्याने सैल झाली आहे, पण तिने विचाराला वळण लावलं. त्याआधी १९६६ साली जेराल्ड बोडी यांनी ल्युकेमियाच्या रुग्णांत न्यूट्रोफिलची संख्या आणि संसर्गाचा धोका यांचा हिशेब मांडला होता: हजाराच्या खाली धोका वाढू लागतो, शंभराच्या खाली तो कळसाला पोचतो. या दोन कामांना जोडून पाहिलं की या शाखेचा कळीचा प्रश्न हाती येतो. कोणता जंतू, हे नंतर. आधी, कोणता राखणदार गैरहजर आहे? न्यूट्रोफिल नसतील तर ॲस्परजिलस आणि म्युकर या बुरश्या. टी पेशी दुबळ्या असतील तर क्षयरोग, न्यूमोसिस्टिस, विषाणू. अँटिबॉडी नसतील किंवा प्लीहा काढलेली असेल तर न्यूमोकॉकससारखे कवचधारी जंतू. आणि राखणदार किती दिवसांपासून नाही, हेही विचारायचं. तीन दिवस न्यूट्रोफिल नसणं वेगळं, तीन आठवडे नसणं वेगळं.

हत्यारं या प्रश्नामागून आली. टोकियोच्या शिगेतो इकेदा यांनी १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात वाकणारी ब्रॉन्कोस्कोप घडवली. १९७०च्या दशकात त्या नळीतून सलाईन सोडून, फुप्फुसाचा एक कोपरा धुऊन, ते पाणी परत ओढून तपासण्याची पद्धत रुळली. आम्ही तिला बोलीत नुसतं 'लॅव्हाज' म्हणतो. १९८५ मध्ये सीटीवर ॲस्परजिलसच्या गाठीभोवतीचं धूसर कडं, म्हणजे हेलो, वर्णिलं गेलं. चंद्राला खळं पडतं तसं ते दिसतं आणि पहिल्या काही दिवसांतच विरून जातं. म्हणून सीटी आज काढायचा की सोमवारी, या प्रश्नाचं उत्तर कॅलेंडरवर सोडता येत नाही. पुढे गॅलॅक्टोमॅनन आणि बीटा-डी-ग्लुकान या बुरशीच्या भिंतीतल्या शर्करा रक्तात मोजता येऊ लागल्या. मग पीसीआर आलं. आता नमुन्यातले सगळे जनुकीय तुकडे एकदम वाचणारं सीक्वेन्सिंगही मोठ्या शहरांत मिळू लागलं आहे.

प्रत्येक हत्याराबरोबर नवी फसगत आली. डायलिसिसच्या काही पडद्यांमुळे, शिरेतून दिलेल्या इम्युनोग्लोब्युलिनमुळे ग्लुकान उगाच वाढतं. म्युकरच्या बाबतीत या दोन्ही चाचण्या आंधळ्या असतात, तेव्हा 'दोन्ही निगेटिव्ह, म्हणजे बुरशी नाही' असं म्हणणाऱ्याच्या हातून रुग्ण जातो. पीसीआर तर इतकं तिखट, की घशात नुसता मुक्कामाला असलेला न्यूमोसिस्टिस आणि फुप्फुस पोखरणारा न्यूमोसिस्टिस यांत त्याला फरक करता येत नाही. शिवाय एचआयव्हीच्या रुग्णात हा जीव लाखांनी असतो, रोग आठवड्यांच्या चालीने वाढतो. स्टिरॉईडवरच्या किंवा कर्करोगाच्या रुग्णात तो मोजकाच असतो, दाह मात्र जबर, आणि माणूस दोन-चार दिवसांत व्हेंटिलेटरवर जातो. म्हणजे जिथे घाई जास्त, तिथेच पुरावा कमी.

यातूनच या क्षेत्रात तट पडले. एक तट म्हणतो, आधी नमुना: धाप वाढायच्या आत ब्रॉन्कोस्कोपी करा, जंतू धरा, मग नेमकं औषध द्या. दुसरा म्हणतो, एवढ्या आजारी माणसाच्या घशातून नळी घालून त्याला व्हेंटिलेटरवर ढकलू नका, संभाव्य जंतूंवरची औषधं सुरू करा. तिसरा मधला: रक्त, लघवी, बेडका, सीटी यांवरच भर द्या, शरीरात न शिरता जितकं मिळेल तितकं मिळवा. पहिल्या दोन तटांतली भांडणं मी परिषदांत डोळ्यांनी पाहिली आहेत, चहाच्या वेळीही ती थांबत नसत. २०१० साली फ्रान्समधल्या एली अझुले यांच्या गटाने कर्करोग आणि रक्तविकाराच्या अत्यवस्थ रुग्णांवर यादृच्छिक चाचणी करून दाखवलं, की ब्रॉन्कोस्कोपीने व्हेंटिलेटर लागण्याचं प्रमाण लक्षणीय वाढलं नाही, आणि तिच्याशिवाय केलेल्या तपासण्याही निदानात मागे पडल्या नाहीत. दोन्ही तटांना आपापला विजय वाटावा असा तो निकाल! त्याच गटाच्या पुढाकाराने १६ देशांतल्या १६११ रुग्णांचा अभ्यास २०१७ मध्ये आला. श्वसन निकामी होण्याचं कारण ज्यांच्यात शेवटपर्यंत कळलं नाही, त्यांच्यात मृत्यू अधिक, हे त्यातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटणारं वाक्य. माझा कल उघड आहे: मी प्रयोगशाळेचा माणूस, मला नमुना हवा असतो. पण नमुना येईपर्यंत औषध अडवून धरणाऱ्यांपैकी मी नाही.

बुरशीच्या संशोधकांनी निदानाच्या खात्रीचे तीन दर्जे ठरवले आहेत: सिद्ध, बहुधा, शक्य. मुळात ते संशोधनासाठी, औषधांच्या चाचण्यांत कुणाला घ्यायचं ते ठरवण्यासाठी. आपल्याकडे ते खाटेजवळ वापरले जातात आणि 'शक्य' या दर्जाचा अर्थ 'नाही' असा लावला जातो. लेखकांनी यावर बरेच फटके ओढले आहेत आणि ते मला पटतात.

आता आपल्या अंगणात येऊ. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. त्यामुळे आपल्याकडे फुप्फुसावरचा प्रत्येक डाग आधी क्षयरोग असतो आणि पुष्कळदा तो खरंच असतो. जीनएक्स्पर्ट यंत्राच्या मूळ चाचणीतलं एक केंद्र मुंबईत होतं, आणि २०१० च्या डिसेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिल्यावर दोन तासांत निदान आणि रिफाम्पिसिनला जंतू जुमानतो का याचं उत्तर मिळू लागलं. २००१ साली, संधिवातावरचं इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्यांत क्षयरोग झालेल्या ७० जणांची नोंद प्रसिद्ध झाली, तेव्हापासून अशी औषधं सुरू करण्याआधी छातीत झोपलेला क्षयरोग शोधणं आवश्यक मानलं जातं. पण क्षयरोगाच्या या मोठ्या सावलीत बाकीचे लपतात. त्यातली एक चूक माझीच आहे, ती सांगतो.

मूत्रपिंड बदललेला एक मध्यमवयीन माणूस. फुप्फुसात गाठ, तिला मध्ये पोकळी. बेडक्याच्या तीन काचपट्ट्या मी स्वतः पाहिल्या, तिन्हींत क्षयजंतू नाहीत असं लिहिलं. वॉर्डाने तरीही क्षयाची औषधं सुरू केली, जी रीतच होती. सात आठवड्यांनी त्याला फिट आली, मेंदूत गळू निघालं. तेव्हा मी जुना बेडका फ्रीजमधून काढून पुन्हा रंगवला. फरक एवढाच केला, की रंग धुवायला नेहमीचं २० टक्के सल्फ्युरिक ॲसिड न घेता १ टक्क्याचं घेतलं. काचपट्टीवर गुलाबी, बारीक, फांद्या फुटलेले, मण्यांची माळ तुटल्यासारखे धागे होते. नोकार्डिया. तीव्र ॲसिडने त्याचा रंग उतरतो, सौम्य ॲसिडने टिकतो. पहिल्या दिवशी ग्रॅम रंगाच्या काचपट्टीवर ते धागे असणारच, पण 'लाळच जास्त' म्हणून ती मी बाजूला सारली होती. आणि अर्जावर 'ताप, खोकला' एवढंच लिहिलेलं होतं, प्रत्यारोपणाचा उल्लेख नव्हता. मीही फोन करून विचारलं नव्हतं.

किनाऱ्याकडे वेगळंच काही. रंगूनमध्ये १९१२ साली व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी वर्णन केलेला मेलिऑइडोसिस दक्षिण कर्नाटकाच्या किनाऱ्यापासून गोवा, कोकणापर्यंत पावसाळ्यात डोकं काढतो. भाताच्या खाचरातल्या चिखलात त्याचा जंतू असतो आणि मधुमेही माणसावर त्याचा विशेष डोळा. एक्स-रेला तो हुबेहूब क्षय दिसतो, आणि कल्चर झालं तरी 'स्यूडोमोनास, दूषित नमुना' म्हणून फेकला जाऊ शकतो. तशीच अनवाणी पायातून शिरणारी स्ट्राँगिलॉइडिस ही सूक्ष्म कृमी. ती आतड्यात वर्षानुवर्षं गुपचूप नांदते, स्टिरॉईड मिळालं की अळ्या फुप्फुसात शिरतात आणि बेडक्यात वळवळताना दिसतात. दम्याचा त्रास समजून अशा रुग्णाचं स्टिरॉईड आणखी वाढवलं जातं. ईशान्येकडे, विशेषतः मणिपूरमध्ये, एचआयव्हीबरोबर टॅलॅरोमायसिस ही बुरशी येते. परदेशी पाठ्यपुस्तकं आपल्या भूगोलाला पुरत नाहीत ती इथे.

आणि २०२१. कोविडच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' हा शब्द चहाच्या टपरीवर गेला, ॲम्फोटेरिसिनच्या कुप्यांसाठी लोक जिल्हे पालथे घालत होते. नाक-डोळ्यांचा म्युकर दिसायचा, फुप्फुसातला पुष्कळदा निसटला. अनियंत्रित साखर आणि मुक्तहस्ते दिलेलं स्टिरॉईड ही जोडी आपण तेव्हा पाहिली, पण ती लाटेबरोबर ओसरलेली नाही. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींवर मधुमेही आहेत. एचआयव्हीसह जगणाऱ्यांची राज्यवार संख्या महाराष्ट्रात सर्वाधिक आहे. टाटा मेमोरियलमध्ये १९८३ साली अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण झालं ती बातमी होती. आज केमोथेरपी जिल्ह्याच्या गावी मिळते आणि संधिवाताची बायोलॉजिक इंजेक्शनं घेऊन माणसं एसटीने घरी जातात. त्यात गुडघेदुखीच्या आणि दम्याच्या 'पुड्या' धरा. त्यात स्टिरॉईड आहे हे घेणाऱ्याला ठाऊकच नसतं. 'औषधं काय चालू आहेत?' या प्रश्नाला 'काही नाही' असं उत्तर येतं ते खोटं नसतं. पुडी पाहायला मागावी लागते. प्रतिकारशक्ती दुबळी झालेला रुग्ण एकेकाळी मोठ्या शहरातल्या सुपरस्पेशालिटीचा विषय होता, आता तो तालुक्याच्या फॅमिली डॉक्टरच्या बाकावर बसलेला असतो.

हे पुस्तक त्या डॉक्टरसाठी, आणि एमडीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असणाऱ्यांसाठी आहे. जंतूंची वर्णानुक्रमे यादी देण्याचा मोह लेखकांनी टाळला हे बरं केलं. त्यांनी मांडणी गैरहजर राखणदारावरून केली आहे. तालुक्याला काय करता येईल, जिल्ह्याला काय, आणि रुग्णाला पुढे कधी पाठवायचं, हा धागा त्यांनी सोडलेला नाही. जे संसर्ग नसूनही संसर्गासारखे दिसतात त्यांना, म्हणजे मेथोट्रेक्झेटने झालेली फुप्फुसाची इजा, फुप्फुसात साठलेलं पाणी, रक्तस्राव, पसरलेला कर्करोग यांना दिलेली जागा मला विशेष आवडली. एका वेळी दोन-तीन जंतू सापडू शकतात, 'एक रुग्ण, एक रोग' हा हिशेब इथे चालत नाही, हेही त्यांनी उदाहरणांनी पटवलं आहे. तक्रार करायची तर जन्मजात प्रतिकारदोष असलेल्या मुलांबद्दल फारच थोडं आहे. पुढच्या आवृत्तीत बालरोगतज्ज्ञ सोबत घ्यावा. मराठीत लिहिताना 'लॅव्हाज'ला लॅव्हाजच म्हटलंय, उगाच 'क्षालन' केलं नाही, याबद्दल मी आभारी आहे.

शेवटी परिशिष्टात एक पानाचा अर्ज आहे, नमुन्याबरोबर प्रयोगशाळेला पाठवायचा. कोणतं औषध, किती मात्रा, किती दिवसांपासून, न्यूट्रोफिल किती, प्रत्यारोपण झालं असल्यास कोणत्या तारखेला, कोणती अँटिबायोटिक आधीच दिली, शेती, पाळीव जनावरं, घराचं बांधकाम. खाली चौकटीत दोन बाटल्यांचं चित्र आहे: फुप्फुसाच्या तुकड्याचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा साध्या सलाईनमध्ये. अख्खा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये आला की त्यातून काहीही वाढवता येत नाही, आणि असे तुकडे मी चाळीस वर्षं परत पाठवत आलो. म्युकरचा संशय असेल तर तसं ठळक लिहा, म्हणजे तंत्रज्ञ तो तुकडा वाटणार नाही, नुसता बारीक कापेल. वाटला की त्याचे तंतू मरतात. पुस्तक वाचायला घेण्याआधी त्या पानाच्या पन्नास झेरॉक्स काढून वॉर्डात ठेवा.